लाकडी कॅबिनेटमधल्या घरगुती ॲम्प्लिफायरचं अर्थिंग आणि ग्राउंड कसं करायचं

घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्याला कधी ना कधी लाकडाचा मोह होतोच. सागवानाच्या दोन बाजू, वर पॉलिश मारलेली फळी, पुढे ब्रश केलेली ॲल्युमिनियमची पट्टी, दिसतं मस्तच. सत्तरच्या दशकातले मरांट्झ नाहीतर सान्सुईचे रिसिव्हर बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात हे बसलेलं असतं, पण त्या सेटच्या आत अख्खी पत्र्याची चेसिस असायची, लाकूड फक्त वरून चढवलेलं. आपण मात्र घरी बऱ्याचदा उलटं करतो, लाकडाचाच डबा करतो आणि त्यात मधेमधे धातूचे तुकडे लावतो. अर्थिंगचा सगळा घोळ इथूनच चालू होतो.

कारण पत्र्याचा डबा गुपचूप तीन कामं करत असतो. एक, सगळे धातूचे भाग स्क्रूने एकमेकांना जोडलेले राहतात, त्यामुळे अर्थिंगची एक वायर कुठेही लावली तरी सगळ्यांना पोचते. दोन, आत कुठे फेज सुटून पत्र्याला लागली तर तो करंट अर्थिंगमधून जातो आणि फ्यूज उडतो. तीन, बाहेरचा घूं आवाज आणि मोबाईलची टर्रटर्र आत शिरू देत नाही. लाकूड यातलं एकही काम करत नाही. लाकडी डब्यात धातूचा प्रत्येक तुकडा म्हणजे स्वतंत्र बेट, त्याच्यापर्यंत पूल तुम्हालाच बांधावा लागतो. लाकडात करंट जात नाही म्हणून अर्थिंग नको असं जे सर्रास बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही, उलट लाकडात अर्थिंगचा जास्त विचार करावा लागतो.

बोलायला सोपं जावं म्हणून इथे भिंतीतल्या तिसऱ्या पिनकडे जाणाऱ्या वायरला अर्थिंग म्हणतोय आणि ऑडिओ सर्किटच्या शून्य व्होल्टला ग्राउंड. दोन्हींची कामं वेगळी आहेत, पहिलं तुमचा जीव वाचवतं आणि दुसऱ्यामुळे आवाज स्वच्छ राहतो. दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी जोडायचे असतात, फक्त एकाच ठिकाणी, आणि ते कसं हे पुढे येईलच.

उदाहरणाला एक नेहमीचा सेट घेऊ. दोन एलएम३८८६ ॲम्प्लिफायर चिप, १८-०-१८ चा १६० व्हीए ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारा चार डायोडचा संच), प्रत्येक रेलला, म्हणजे अधिक आणि उणे डीसी पुरवठ्याला, १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कॅपॅसिटर. रेल साधारण अधिक-उणे २५ व्होल्ट, ८ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे पंचवीसेक वॅट, घरातल्या हॉलला भरपूर झाले. टीडीए७२९४ चिप असेल, ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचा बोर्ड असेल, तरी तत्त्व तेच. डबा कसा, तर तळाला आणि मागे २ मिमी ॲल्युमिनियम, बाजूला आणि वर सागवान, पुढे ॲल्युमिनियमची पट्टी. माझं स्पष्ट मत आहे की तळ आणि मागची प्लेट धातूचीच घ्या आणि दोन्ही एल पट्टीने एकमेकांना जोडा. लाकडाची हौस बाजूला, वर आणि पुढे भागवा. मेनची पिन, आरसीए (ऑडिओ इनपुटचे गोल जॅक) आणि स्पीकरची टर्मिनलं सगळी मागे असतात, तिथे लाकूड आलं की पुढचं प्रत्येक काम दुप्पट होतं.

आधी भिंतीतला सॉकेट तपासा

डबा उघडायच्या आधी हे. मल्टिमीटर एसी ७५० नाहीतर ६०० व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा आणि तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंग पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग अगदी थोडं, एक-दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थिंग ६० किंवा ११० असलं काहीतरी अधांतरी आलं तर समजा की तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे, मागे वायरच नाही किंवा वायर मधेच तुटलीय. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि पूर्वी दोनच वायरी टाकलेल्या घरांत हे खूप ठिकाणी सापडतं. न्यूट्रल ते अर्थिंग बरोब्बर शून्य आलं तरी जरा शंका घ्या, कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र करून ठेवलेलं असू शकतं. हा प्रकार भयंकर आहे, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला की तुमच्या ॲम्प्लिफायरची पट्टी थेट २३० व्होल्टवर जाते. स्वतः जुगाड करून नळाच्या पाइपला वगैरे वायर बांधू नका, आता निम्मे पाइप प्लास्टिकचे असतात. वायरमनला बोलावून व्यवस्थित अर्थिंग करून घ्या आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. हा खर्च ॲम्प्लिफायरपुरता नाही, गीझर आणि वॉशिंग मशीन वापरणाऱ्या घरच्या सगळ्यांसाठी आहे.

आपल्याकडच्या तीन गोल पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन जाड आणि लांब का असते माहितीये का, प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. हाच नियम डब्याच्या आतही पाळायचा. आतली हिरवी-पिवळी वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवायची, कोणी कॉर्ड हिसडली तरी ती शेवटी तुटेल.

मेन कॉर्ड आणि अर्थिंगचा बोल्ट

कॉर्ड तीन वायरींचीच. ब्राउन फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, जुन्या कॉर्डला लाल, काळी आणि हिरवी. शक्यतो मागच्या प्लेटवर तो कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला असतो तसला तीन पिनांचा इनलेट लावा, फ्यूज आणि स्विच त्यातच असलेला मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही दुकानात विचारा. फ्यूज फेजमध्येच यायला हवा. १६० व्हीए म्हणजे २३० ला ०.७ ॲम्पिअर, पण टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) चालू होताना एकदम जोरात ओढतो म्हणून १.६ ॲम्पिअरचा स्लो-ब्लो घ्या. साधा फास्ट फ्यूज सारखा उडत राहतो, मग वैतागून माणूस तिथे तांब्याची तार गुंडाळतो, आणि तेव्हा सगळी सुरक्षितता संपली.

आता बोल्ट. इनलेटच्या अर्थिंग पिनवरून १.५ स्क्वेअर मिमीची हिरवी-पिवळी वायर निघणार आणि जवळात जवळ, तळाच्या प्लेटवर स्वतंत्र एम४ किंवा एम५ बोल्टवर येणार. स्वतंत्र म्हणजे खरंच स्वतंत्र. ट्रान्सफॉर्मर धरून ठेवणारा किंवा डब्याचा पाय बसवणारा बोल्ट यासाठी वापरायचा नाही, उद्या कोणी ट्रान्सफॉर्मर काढला की अर्थिंगही सुटतं. वायरीला रिंग थिंबल (टोकाला लावायची धातूची कडी) नीट क्रिंप करायचं, म्हणजे दाबून बसवायचं, क्रिंप करायची पक्कड नसेल तर वायर आधी थिंबलात घट्ट दाबून मग सोल्डर मारायचं, नुसत्या सोल्डरच्या जिवावर सोडायचं नाही.

बोल्टाखालची जागा मात्र नीट बघा, इथेच बहुतेक जण फसतात. ॲल्युमिनियमची ॲनोडाइज केलेली प्लेट हाताला धातूच लागते, पण वरचा थर करंटच जाऊ देत नाही. मीटर बझरवर ठेवून दोन टोकं हलकेच प्लेटवर टेकवून बघा, काहीच वाजत नाही. पावडर कोटिंगचंही तेच. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासायची, आतला पांढरट चकचकीत धातू दिसेपर्यंत, मग परत मीटर लावा, लगेच वाजतो. त्या उघड्या जागेवर दात्यांचा स्टार वॉशर, त्यावर थिंबल, मग साधा वॉशर, नट आणि वरून दुसरा नट किंवा नायलॉक. स्टार वॉशरचे दात धातूत रुततात आणि हवा लागून ॲल्युमिनियमवर परत थर चढला तरी खालचा जोड टिकतो.

आणि एक गोष्ट पक्की ठेवा, अर्थिंगच्या जोडात मधे लाकूड कधीच घेऊ नका. बोल्ट लाकडातून आरपार घातला आणि एका बाजूला थिंबल, दुसऱ्या बाजूला प्लेट असं केलं तर पहिल्या दिवशी मस्त घट्ट असतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि एप्रिल-मेपर्यंत तोच नट बोटाने फिरतो. जोड धातूवर धातूच हवा.

आता एकेक सुट्टा तुकडा

पूर्ण डबा समोर ठेवा आणि बाहेरून बोट लागू शकेल असा धातूचा प्रत्येक भाग मोजा. पुढची पट्टी, हीटसिंक बाहेर असेल तर तो, व्हॉल्यूमचा दांडा, स्विचची लोखंडी कांडी, हेडफोन जॅकची कडी, तळातून खाली आलेले बोल्ट, वरची फळी धरणारे पितळी स्क्रू. यातलं जे काही आतल्या मेनच्या वायरीजवळ आहे, किंवा आत एखादी वायर सुटली तर जिथे जाऊन लागू शकते, ते सगळं अर्थिंगला जोडायचं. लाकडात नुसता अर्धा इंच रुतलेला आणि आत न उघडणारा स्क्रू सोडून दिला तरी चालतो. बाकी प्रत्येकाला आपापली वायर, थेट त्या अर्थिंगच्या बोल्टकडे. पट्टीवरून हीटसिंकला, हीटसिंकवरून पॉटला (व्हॉल्यूमच्या नॉबमागचा कंट्रोल) अशी माळ लावू नका, मधला एक सुटला की पुढचे सगळे सुटतात.

हीटसिंकबाबत थोडं थांबावं लागेल. साध्या एलएम३८८६ ची मागची धातूची पाठ आतून उणे रेलला जोडलेली असते, टीडीए२०५० आणि टीडीए७२९४ ची पण. म्हणजे चिप थेट हीटसिंकवर बसवली तर हीटसिंक उणे २५ व्होल्टवर. लाकडी डब्यात बरेच जण हे तसंच सोडतात कारण हीटसिंक कशालाच लागत नाही, सेट वाजतो पण. आणि ज्या दिवशी तुम्ही त्या हीटसिंकला अर्थिंग देता त्या दिवशी रेल शॉर्ट होते. म्हणून चिपखाली माइका (करंट न नेणारा पातळ पापुद्रा), दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ हात, स्क्रूला प्लास्टिकचा बुश, आणि मीटरने चिपची पाठ ते हीटसिंक ओपन आहे ना, म्हणजे मधे जोड नाही ना, ते बघून मगच अर्थिंगची वायर. नाहीतर एलएम३८८६ ची प्लास्टिक पाठीची टीएफ आवृत्ती घ्या, ती आतूनच इन्सुलेटेड येते.

ट्रान्सफॉर्मर साधा ईआय पत्त्यांचा असेल तर त्याच्या फ्रेमला एक वायर द्यायची, संपलं. टोरॉइड असेल तर मधला बोल्ट बघायचा. त्या बोल्टाची दोन्ही टोकं धातूच्या एकाच डब्याला लागली की ट्रान्सफॉर्मरभोवती एक बंद वेढा तयार होतो, त्यात प्रचंड करंट वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. वरची फळी लाकडी असली की हा धोका कमी होतो, पण फळीला आतून पत्रा लावणार असाल तर बोल्टाचं डोकं आणि पत्रा यांत चांगलं अंतर ठेवा. बोल्टाला अर्थिंग एकाच टोकाने, खालच्या.

पॉट हे लाकडी पुढच्या बाजूचं खास दुखणं. धातूच्या पॅनेलवर पॉटचं नट आवळलं की त्याचं शरीर आपोआप जोडलं जातं, लाकडावर ते लोंबकळत राहतं. मग काय होतं, नॉबला हात लावला की घूं येतो आणि सोडला की जातो, किंवा उलटं. कारण तुमच्या अंगात घरातल्या वायरिंगमुळे ५० हर्ट्झ सतत असतोच आणि तो दांड्यावरून पॉटच्या आतल्या पट्टीत शिरतो. उपाय सोपा, नटाखाली सोल्डर टॅग घालायचा आणि त्यावरून वायर अर्थिंगच्या बोल्टकडे न्यायची. पॉटच्या पाठीवर सोल्डर मारणारेही आहेत, पण त्याला २५ वॅटचा आयर्न पुरत नाही, जागा आधी घासावी लागते आणि जास्त वेळ तापवलं तर आतलं कार्बन बिघडतं. मला टॅगच बरा वाटतो. लाकडाच्या मागे सगळे पॉट आणि स्विच एकाच छोट्या ॲल्युमिनियम पट्टीवर बसवले आणि ती पट्टी जोडली तर सगळ्यात उत्तम.

ऑडिओचं ग्राउंड

इथे जीवाचा प्रश्न नाही, आवाजाचा आहे, पण सगळ्यात जास्त डोकं इथेच लागतं. ब्रिजनंतरचे दोन मोठे कॅपॅसिटर घ्या, एक अधिक रेलचा आणि एक उणे रेलचा, मधे त्यांना जोडणारी वायर. कॅपॅसिटर सतत सारखा करंट घेत नाहीत, सेकंदाला १०० वेळा झटक्याने घेतात. गाणं बंद असताना दोन्ही चिप मिळून शंभरेक मिलिॲम्पिअर खात असल्या तरी ते झटके सहज ॲम्पिअरभर होतात आणि ते त्या मधल्या वायरीतून जातात. आता ही वायर १ स्क्वेअर मिमीची आणि १० सेंटीमीटर लांब असेल तर तिचा रेझिस्टन्स साधारण १.७ मिलिओहम. तुम्ही इनपुटचं ग्राउंड एका कॅपॅसिटरच्या पायावरून घेतलं आणि दुसऱ्या टोकाला चिपचं फीडबॅक आणि स्पीकरचं ग्राउंड लावलं, तर १.७ मिलिव्होल्टचा १०० हर्ट्झचा झटका थेट इनपुटमध्ये. ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो, २० धरला तर स्पीकरवर ३४ मिलिव्होल्ट. रात्री शांत खोलीत ते झर्र झर्र अगदी स्पष्ट ऐकू येतं, आणि मग माणूस कॅपॅसिटर वाढवत बसतो, त्याने झटके आणखी टोकदार होतात.

म्हणून दोन कॅपॅसिटरमधली वायर आखूड आणि जाड, तांब्याची पट्टी असेल तर फारच छान, ट्रान्सफॉर्मरची मधली वायर तिच्या बरोबर मध्यावर. आणि त्या मध्यावरून एक वेगळी आखूड वायर काढून थोड्या अंतरावर स्टार पॉइंट करायचा. सगळी ग्राउंडं त्या स्टारवर आणायची, कॅपॅसिटरवर नाही. स्टारवर पण क्रम असतो. मध्याकडच्या बाजूला स्पीकरच्या परतीच्या वायरी, मग दोन्ही बोर्डांचं पॉवर ग्राउंड, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात दूर, इनपुटचं ग्राउंड. बऱ्याच तयार बोर्डांवर इनपुट ग्राउंड आणि पॉवर ग्राउंडमध्ये १० ओहमचा रेझिस्टर असतो, तो कोणीतरी विचार करून टाकलेला असतो, तिथे वायरचा तुकडा टाकून शॉर्ट करू नका.

आरसीए जॅक मागच्या धातूच्या प्लेटवर असतील तर इन्सुलेटेडच, प्लास्टिकचा वॉशर दोन्ही बाजूंना. त्यांचं ग्राउंड शील्डेड वायरीतून बोर्डाकडे जातं, प्लेटकडे नाही. फक्त मोबाईलची टर्रटर्र मारायला जॅकच्या ग्राउंडवरून प्लेटला १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावायचा, पाय जितके आखूड तितकं बरं. डाव्या-उजव्या इनपुटच्या वायरी एकमेकींना पिळ देऊन न्या आणि ट्रान्सफॉर्मर, ब्रिजपासून जमेल तितक्या लांबून. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र लाकूडही अडवत नाही आणि ॲल्युमिनियमही जवळपास नाहीच, तिथे अंतरच कामाला येतं. टोरॉइड असेल तर सेट चालू ठेवून इन्सुलेटेड हाताने नाही, तर बंद करून, थोडा फिरवून, परत चालू करून बघा, एका कोनात घूं सगळ्यात कमी असतो, तिथे आवळा.

दोन्हींची गाठ

आता अर्थिंग आणि ग्राउंड एकत्र कुठे करायचे. थेट वायरने जोडलं तरी सुरक्षितच आहे, आणि सोर्स म्हणून फक्त मोबाईल किंवा बॅटरीवर चालणारं काही असेल तर तसंच ठेवा, साधं ते चांगलं. पण डेस्कटॉप कॉम्प्युटर किंवा केबलचा सेटटॉप बॉक्स लावला की त्यांचंही ग्राउंड दुसऱ्या रस्त्याने अर्थिंगला गेलेलं असतं, मोठा वेढा तयार होतो आणि घूं चालू. तेव्हा लोक काय करतात, प्लगची तिसरी पिन कापतात किंवा अर्थिंगची वायर सोडून देतात. घूं जातो खरा. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एकदा गेलं की ती सुंदर ॲल्युमिनियमची पट्टी फेजवर आणि समोर तुमचं नाहीतर घरातल्या पोराचं बोट. हे कृपा करून कधीच करू नका.

बरोबर उपाय म्हणजे गाठीत लूप ब्रेकर. ३५ ॲम्पिअरचा चौकोनी ब्रिज घ्या, केबीपीसी३५१० चालतो. त्याचे अधिक आणि उणे पाय जाड वायरीने एकमेकांना जोडा. एक एसी पाय अर्थिंगच्या बोल्टकडे, दुसरा एसी पाय स्टार पॉइंटकडे. ह्या दोन एसी पायांवर समांतर १० ओहम ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा एक्स२ कॅपॅसिटर. एका व्होल्टच्या आतबाहेर ब्रिज बंदच राहतो, त्यामुळे वेढ्यातला छोटा करंट १० ओहममध्ये अडकतो आणि घूं बसतो. पण आत काही फाटलं आणि ग्राउंडवर मेन आलं तर ब्रिज लगेच उघडतो, करंट अर्थिंगला जातो आणि फ्यूज उडतो. ब्रिज मोठा घ्यायचा तो ह्याचसाठी, फ्यूज उडेपर्यंत त्याने तग धरला पाहिजे. तो तळाच्या धातूच्या प्लेटवर स्क्रूने बसवा, लाकडावर नाही.

हा ब्रिज फक्त ग्राउंड आणि चेसिसच्या मधे. भिंतीतून आलेलं अर्थिंग आणि धातूच्या भागांमधे कधीच काहीही येत नाही, ना ब्रिज, ना रेझिस्टर, ना स्विच, ना फ्यूज.

लाकडाला आतून पत्रा

तळ आणि मागची बाजू धातूची असेल आणि इनपुटच्या वायरी शील्डेड असतील तर बऱ्याचदा वेगळ्या शील्डची गरजच पडत नाही, आधी वाजवून बघा. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प किंवा रेकॉर्ड प्लेअरसाठीची फोनो स्टेज असेल तर मात्र लागतंच. वरच्या फळीला आणि बाजूंना आतून अर्धा मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने, किंवा तांब्याची चिकट टेप. टेपचा गोंद बऱ्याचदा करंट नेत नाही, म्हणून जिथे एक पट्टी दुसरीवर येते तिथे सोल्डरचे थेंब द्या. स्वयंपाकघरातली फॉइल नको, सोल्डर धरत नाही आणि गोंद सुटून एक दिवस खाली मेनवर पडते. हे सगळं अर्थिंगच्या बोल्टला, ऑडिओ ग्राउंडला नाही, आणि मेनच्या उघड्या टोकांपासून किमान ८ मिमी लांब. तिथल्या सगळ्या टोकांवर स्लीव्ह तर हवीच.

ॲडॉप्टरवाले छोटे सेट

टीपीए३११६ सारखा क्लास डी बोर्ड आणि २४ व्होल्टचा ॲडॉप्टर, डबा पूर्ण लाकडी, हे आता खूप जण करतात आणि नवीन माणसाला मी हेच सुचवतो, कारण डब्यात मेन येतच नाही. ज्या ॲडॉप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला अर्थिंग लागत नाही. फक्त नॉबला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, ॲडॉप्टरच्या आतल्या छोट्या कॅपॅसिटरमधून किंचित गळती असते, मीटर लावला तर धातूवर ८०-१०० व्होल्ट पण दाखवतो, पण मागे करंट नगण्य. नामांकित कंपनीचा, बीआयएसची खूण असलेला ॲडॉप्टर असेल तरच हे खरं. फुटपाथवरचा स्वस्त ॲडॉप्टर आणि मुंग्या असतील तर तो आधी बदला.

चालू करायच्या आधी

प्लग काढलेला असताना मीटर ओहमवर ठेवा. एक टोक प्लगच्या जाड पिनवर, दुसरं एकेका धातूच्या भागावर, पुढची पट्टी, हीटसिंक, पॉटचा दांडा, तळाचे बोल्ट, सगळीकडे अर्ध्या ओहमच्या आत यायलाच हवं, मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून. मग स्विच चालू स्थितीत ठेवून फेज पिन ते अर्थिंग पिन २० मेगोहमच्या रेंजवर, ओपन दाखवलं पाहिजे. ओळखीच्या वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) असेल तर तो लावून घ्या, ते खरं माप.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटत राहिला तर लगेच बंद. स्पीकर अजून लावायचे नाहीत, आउटपुटवर डीसी मोजायचा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा.

मग स्पीकर लावून इनपुटला शॉर्टिंग प्लग, म्हणजे आरसीए प्लगमध्ये मधली आणि बाहेरची पिन जोडलेली. शांतता आली तर डब्यातलं काम झालं. झर्र असा कडक आवाज असेल तर तो १०० हर्ट्झ, म्हणजे कॅपॅसिटर आणि स्टारकडे परत जा. गोल, जाड घूं असेल तर ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर फिरवा, इनपुटच्या वायरी हलवा. शॉर्टिंग प्लगला शांत आणि सोर्स लावला की घूं, तर वेढा बाहेर आहे. सेटटॉप बॉक्स असेल तर आधी भिंतीतून येणारी केबल काढून बघा, घूं गेला तर चोर सापडला, तिथे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा टीव्हीतून ऑप्टिकल आउट घ्या. हाताने नॉब धरला की घूं बदलतो, तर पॉटचा टॅग राहिलाय.

सगळं जमल्यावर लाकडाला वॉर्निश आतूनही मारा, विशेषतः प्लाय आणि एमडीएफच्या कापलेल्या कडांना, कारण कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उघडी एमडीएफ पाणी पिते आणि ओल्या लाकडावर मेनच्या टोकांतून गळती चालू होते. पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे होऊ देऊन डबा उघडा, अर्थिंगचे सगळे नट पान्याने एकदा आवळा आणि तीच ओहमची मापं परत घ्या. आकडे पहिल्या दिवसासारखेच आले तर फळी परत लावा, एखादा वाढलेला दिसला तर तो जोड उघडून, घासून, नवीन स्टार वॉशर टाकून मगच सेट चालू करा.